कॉफीच्या बीमधलं भोक

लाँड्रीवरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रांग जिन्यापर्यंत, आणि रांगेतला प्रत्येक जण कॉफी पीत होता. समोर कॉफीबाबा. सकाळपासून त्याने आठ जणांना चष्म्याशिवाय पेपर वाचायला लावला होता आणि दर वाचनाला टाळ्या पडत होत्या.

माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे चष्म्याशिवाय वाचणाऱ्यांवर माझा जरा रागच. पण मी आलो होतो माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताई शिवणकाम करते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या महिन्यात तिने काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने टीप मारली आणि गिऱ्हाइकाने चार लोकांत तिचा पाणउतारा केला. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. गेल्या आठवड्यात ती या बाबाला भेटून आली आणि ते तिने परस्पर रद्द केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या बाई!" बाबाने तिला बोलावलं. "कॉफी माणसाला जागं करते. मग डोळा काय माणसाबाहेर असतो? कपात साखर विरघळते, तसा मोतीबिंदू विरघळणार! आधी या सिद्ध बीमधून बघा, मग एकवीस दिवस माझी पूड."

त्याने ताईच्या डोळ्याला भाजलेलं कॉफीचं बी लावलं. बीला आरपार बारीक भोक होतं. ताईने मथळा वाचला, खालची बातमीही वाचली आणि रडायला लागली.

मी पुढे घुसलो. ताईच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असते. ती काढून मी खिशातल्या माझ्या दुकानाच्या कार्डाला भोक पाडलं.

"आता यातून बघ."

"काय वाचू?"

"बाबांच्या पुडीचा डबा. मागचं बारीक."

बाबाने डब्यावर हात ठेवला. ताईने त्याचा हात सरळ बाजूला केला आणि खिडकीच्या उजेडात अडखळत वाचलं, "चिकोरी... सत्तर टक्के. कॉफी... तीस."

म्हणजे डब्यात कॉफी कमी, चिकोरीच्या मुळांची पूडच जास्त. रांगेत हशा पिकला.

"श्रद्धेमुळे दिसतंय!" बाबा ओरडला.

"कार्ड माझ्या भावाचं आहे," ताई म्हणाली. "त्याच्यावर माझी काडीची श्रद्धा नाही."

मग मी सांगितलं. बारीक भोकातून मोजकाच प्रकाश आत जातो, विखुरलेला अडतो, म्हणून अक्षरं स्पष्ट होतात. अशी भोकाची चकती डोळे तपासायच्या माझ्या पेटीतही आहे. भोक बाजूला केलं की मोतीबिंदू जिथल्या तिथे.

"मग कॉफीचं सगळं खोटंच का?" जिन्यावरून एका बाईने विचारलं.

"सगळं नाही. कॉफीतलं कॅफिन पोटातून रक्तात, रक्तातून डोळ्यातल्या पाण्यात आणि तिथून भिंगात पोचतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने मोतीबिंदू लांबल्याचं दिसलंय. माणसांचं अजून नक्की नाही. पण एकदा गढूळ झालेलं भिंग म्हणजे उकडलेलं अंडं. कितीही कॉफी पाजा, ते परत कच्चं होत नाही."

बाबाला अचानक ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. त्याने गाशा गुंडाळला.

जिना उतरताना ताईने माझा दंड धरला. "खरं सांगू? मला ऑपरेशनची भीती वाटते रे."

तारीख ठरवली मी, रिक्षा सांगून ठेवली मी. पण भीती वाटते का, हे तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. बाबाने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, असं ती म्हणाली.

तेव्हा कॉफी खुशाल प्या, पण दिसेनासं झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कोणी चमत्कार दाखवला तर त्याच्या वस्तूशिवाय तो होतो का, ते करून बघा. आणि घरच्या माणसाला भीती वाटते का, हे बाबाच्या आधी तुम्ही विचारा.