धन्यवाद, आपली नोंद झाली आहे

“धन्यवाद म्हणाला तो मला! चांगला ठळक अक्षरांत म्हणाला!” सासूबाई दारातूनच कडाडल्या आणि चपला न काढताच खुर्चीत बसल्या. धाकट्या मुलाने त्या चपलांकडे पाहिलं, मग मोठ्या भावाकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून जी काय मान हलवली ती थोरलीच्या नजरेतून सुटली नाही.

थोरली म्हणजे मोठी सून. सासूबाई तिला लग्नाच्या दिवसापासून याच नावाने हाक मारत. आणि ‘तो’ म्हणजे डोळ्यांच्या हॉस्पिटलचा संगणक. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा बिघडला होता. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तरच नजर टिकणार होती, आणि त्याची वेळ हॉस्पिटलच्या वेबसाईटवरूनच घ्यावी लागायची. सासूबाई अक्षरं मोठी करून, चष्मा सावरून, नीट सगळं भरायच्या. पडद्यावर यायचं, ‘धन्यवाद, आपली नोंद झाली आहे.’ ठरलेल्या दिवशी दोन बस बदलून हॉस्पिटलात जायचं, आणि तिथे काउंटरवरच्या मुलीने म्हणायचं, “आजी, तुमचं नावच नाही इथे.” आज तर वर ती असंही म्हणाली होती, “घरी कुणी मोठं माणूस नाही का करून द्यायला?”

मोठं माणूस! जिने आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, जिच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची, तिला हे!

“आई,” धाकटा गोड आवाजात म्हणाला. या घरात गोड आवाज निघाला की समजावं, काहीतरी कडू पुढे येतंय. “मागच्या वेळीही असंच झालं. त्याच्या आधीही. तुला वाटतं तू बटण दाबलंस.”

“वाटतं? मला वाटतं?”

“गुरुवारी एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे,” थोरलीचा नवरा जमिनीकडे बघत म्हणाला. “स्मरणशक्तीच्या. नुसती तपासणी. आणि तोवर तू गॅस पेटवू नकोस, डबा येईल. पुढे एकटीनं राहायचं की नाही ते नंतर बघू.”

म्हणजे सगळं ठरवूनच आले होते दोघे. धाकट्याने घराची जादा किल्ली खिशात टाकलीसुद्धा. थोरलीला वाटलं आता सासूबाई दोघांनाही बाकावर उभं करतील. पण त्यांनी वाकून चपला काढल्या, एवढंच. थोड्या वेळाने थोरली पाणी आणायला आत गेली तर मागून त्या आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अगं, मी दाबलं होतं ना बटण? म्हणजे, दाबलंच होतं. पण दाबलं होतं ना?”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे. मुलांनी संशय घेतला हे एक वेळ ठीक, मुलं आईवर घेतातच. पण या बाईने स्वतःवर घ्यावा?

त्यात आणखी एक भानगड होती. ती वेबसाईट थोरलीच्याच कंपनीने बनवली होती.

थोरली तिथे रुजू झाली त्याच्या बऱ्याच आधीचं ते काम. बनवलं होतं तिच्या साहेबांनी, ज्यांना पाठीमागे सगळं ऑफिस ‘तात्पुरते’ म्हणायचं. कुठलंही काम असो, त्यांचा एकच मंत्र: “तात्पुरतं करून टाक, नंतर बघू.” ऑफिसच्या दाराला लावलेली दोरी तात्पुरती होती, गळक्या एसीखालची बादली तात्पुरती होती. ‘नंतर’ नावाचा दिवस मात्र त्या ऑफिसच्या कॅलेंडरात कधी उगवला नव्हता.

सोमवारी थोरलीने तक्रारी उघडल्या. हॉस्पिटलने कळवलं होतं, पेशंट म्हणतात नोंद केली, आमच्याकडे नाव येत नाही, कधी येतं, कधी नाही. एक नव्हे, बऱ्याच तक्रारी. प्रत्येकीखाली तात्पुरत्यांचा एकच शेरा: ‘वापरणाऱ्याची चूक. वयस्कर पेशंट. बंद.’

“सर, ही चूक खरी असली तर?”

“अगं, हे बघ.” त्यांनी स्वतःच्या संगणकावर वेबसाईट उघडली, खोटं नाव भरलं, बटण दाबलं. धन्यवाद. नोंद झालेली. “माझ्याकडे चालतंय. म्हातारी माणसं कुठेतरी बोट लावतात आणि आपल्या नावाने खडे फोडतात.”

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण नाचणाऱ्यासाठी आहे. इथे अंगण बांधणाराच म्हणत होता की नाचणारे वाकडे.

थोरलीने दुपारभर नोंदी करून पाहिल्या. एकही चुकली नाही. मग तिने सर्व्हरचा लॉग उघडला. काही बिनसलं की सर्व्हर आपणहून त्यात लिहून ठेवतो, अमुक ओळीला अडलो, तमुक फाईल सापडली नाही. लॉग स्वच्छ होता. इतका स्वच्छ की तिलाच शंका आली. रोज शेकडो माणसं वापरतात आणि एकदाही साधी ठेच लागत नाही? नांदत्या घरात एवढी टापटीप दिसली की समजावं, पाहुण्यांसाठी पसारा कपाटात कोंबलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सासूबाईंकडे गेली. वेळा रोज सकाळी खुल्या होतात आणि सगळे तेव्हाच तुटून पडतात, हे तिच्या दुपारच्या चाचणीत निसटलं होतं.

“करा आई. मी नुसती बघते.”

सासूबाई बसल्या. प्रत्येक रकाना भरल्यावर त्या थोरलीकडे बघत होत्या, परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या. नाव बरोबर. नंबर बरोबर. तारीख बरोबर. बटण दाबलं. धन्यवाद, आपली नोंद झाली आहे.

थोरलीने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, “नाही हो, या नावाने काहीच नाही.”

थोरलीने फोन ठेवला.

“तुला दिसला ना गं?” सासूबाईंनी विचारलं. “धन्यवाद?”

“दिसला, आई.”

“म्हणजे होता,” त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. थोरलीने लग्नानंतर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडायचं कशापायी, तर एक निर्जीव पडदा खोटं बोलत होता, आणि पोटची पोरं त्या पडद्यावर विश्वास ठेवून बसली होती.

त्या दिवशी ऑफिसात थोरलीने कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. गर्दी झाली की मदतीला दुसरं मशीन, म्हणजे आणखी एक सर्व्हर, लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. सासूबाईंनी सकाळी भरलेली माहिती कुठे पोचली ते शोधलं, तर ती बरोबर त्या दुसऱ्या मशीनवर आली होती. म्हणजे सासूबाईंचं बोट जागेवरच पडलं होतं! मग तिने कोड ओळ न् ओळ वाचला, आणि पाणी कुठे मुरतंय ते दिसलं.

नाव लिहून ठेवायचं काम एका वेगळ्या फाईलचं होतं. पहिल्या मशीनकडे ती फाईल होती. दुसऱ्याकडे नव्हती. ते गरज पडली की पहिल्याकडून मागून घ्यायचं, शेजारणीकडून किसणी मागावी तसं. दुपारी शेजारीण रिकामी असायची, लगेच द्यायची. सकाळच्या गर्दीत तिला दारच उघडायला व्हायचं नाही. मग दुसरं मशीन काय करायचं? फाईल मिळाली नाही तर थांबावं, ओरडावं, लॉगमध्ये लिहावं. ते काहीच करत नव्हतं. कारण फाईल मागणाऱ्या ओळीच्या आधी कुणीतरी एक छोटंसं चिन्ह ठेवलं होतं, ज्याचा अर्थ होतो, चूक झाली तरी अवाक्षर काढायचं नाही. त्यामुळे मशीन मूग गिळून पुढच्या ओळीवर जायचं. आणि पुढच्या ओळीवर लिहिलं होतं: धन्यवाद.

त्या चिन्हाशेजारी टीप होती. ‘तात्पुरतं.’

“हे तुम्ही घातलंय, सर?”

तात्पुरत्यांनी जवळ येऊन पाहिलं. चेहरा जरासा उतरला, पण जराच. “अगं, उद्घाटनाच्या दिवशी हॉस्पिटलची सगळी बडी मंडळी समोर बसलेली, आणि पडद्यावर ही एवढी लांबलचक एरर आली. अब्रूचं खोबरं झालं असतं. म्हणून तात्पुरतं तोंड बंद केलं तिचं. काढायचं राहून गेलं.”

“राहून गेलं? लोकांची इंजेक्शनं चुकली, सर! डोळे जातात त्याने!”

“हळू बोल. दोन मिनिटांचं काम आहे. फाईल दुसऱ्या मशीनवर ठेव, ते चिन्ह काढ, संपलं. कळवायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि ज्यांच्या तक्रारींवर तुम्ही ‘वापरणाऱ्याची चूक’ लिहिलंत त्यांचं काय? त्यांच्या घरी काय चाललं असेल ते माहीत आहे तुम्हाला? माझ्या सासूबाईंना परवा वेड्यात काढायला नेणार आहेत, तुमच्या या एका टिंबाएवढ्या खुणेपायी!”

“भावनेच्या भरात काही करू नकोस. पेशंटच आहेत, पुन्हा नोंद करतील.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! थोरली जागेवर परत आली. फाईल ठेवली, चिन्ह काढलं, आणि मग हॉस्पिटलच्या प्रमुखांना सरळ कळवलं की चूक आमची आहे, पेशंटची कुणाचीही नाही, सकाळी नोंद करणाऱ्या प्रत्येकाला बोलावून घ्या आणि तसं स्पष्ट सांगा. खाली स्वतःचं नाव घातलं. प्रत तात्पुरत्यांना. संध्याकाळी त्यांनी तिला बोलावून सांगितलं की यापुढे हॉस्पिटलचं काम तिने बघायचं नाही. त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली गोष्ट, जी तात्पुरती नव्हती.

हॉस्पिटलने सगळ्यांना संदेश पाठवला, ‘तांत्रिक कारणाने झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ सासूबाईंनी तो थोरलीकडून दोनदा वाचून घेतला. “गैरसोय?” त्या म्हणाल्या. “बसमध्ये जागा मिळाली नाही तर गैरसोय होते.”

बुधवारी रात्री जेवताना थोरलीने नवऱ्याला आणि दिराला सगळं सांगितलं. नवरा खजील झाला. धाकटा मात्र पाणी पिऊन म्हणाला, “बरं झालं, वहिनी. पण वय झालंच आहे आईचं. उद्याची तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?”

“हरकत?” थोरलीने डाव ताटात आदळला. “महिनोन् महिने ते मशीन फाईल विसरत होतं, वर धडधडीत खोटं बोलत होतं, तर त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणाले सगळे. आई खरं बोलत होत्या तर त्यांचा गॅस बंद! आणि भावजी, ती किल्ली आधी इकडे द्या.”

धाकट्याने किल्ली काढून टेबलावर ठेवली. गुरुवारच्या डॉक्टरांना नवऱ्याने जेवण अर्धं टाकून फोन केला आणि वेळ रद्द केली.

गुरुवारी सासूबाई डॉक्टरांकडेच गेल्या, पण डोळ्यांच्या. सोबत थोरली. या वेळी काउंटरवर नाव होतं. आत तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि समोर एक पांढरं कार्ड धरलं. त्यावर काळ्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी होती आणि मधोमध एक ठिपका.

“ठिपक्याकडे बघा, आजी. सगळ्या रेषा सरळ दिसतात की कुठे वाकड्या?”

सासूबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. थोरलीला त्यांचं बोट दिसत होतं. मांडीवर, साडीच्या काठावर ते बोट रेघ ओढत होतं आणि मधेच वळत होतं.

“सरळ आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्या अगदी सरळ.”

डॉक्टरीणबाई लिहायला वळल्या. थोरलीने ते वळणारं बोट पुन्हा पाहिलं. तिला कळलं, आणि कळताच असा संताप आला की तात्पुरते, दीर, नवरा, ती काउंटरवरची मुलगी, सगळ्यांना एका रांगेत उभं करावं. या बाईला त्यांनी एवढं शिकवलं होतं, की जे दिसतं ते सांगायचं नाही. सांगितलं की किल्ली जाते.

“आई,” ती खाली वाकून म्हणाली, “खरं सांगा. मी आहे इथे. तुम्हाला कुणी कुठे नेणार नाही.”

सासूबाई तिच्याकडे वळल्या. “वाकडं दिसतंय म्हटलं, तर म्हणतील म्हातारीला भास होतात.”

“नाही म्हणणार.”

“नक्की?”

“नक्की.”

त्या परत कार्डाकडे वळल्या. पाठ ताठ केली. आणि मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो जुना आवाज निघाला.

“मधली उभी रेषा वाकडी आहे. ठिपक्यापाशी बाहेर आली आहे. खालच्या दोन तुटल्यासारख्या दिसतात. मागच्या इंजेक्शनाच्या वेळी फक्त एक वाकडी होती.” डॉक्टरीणबाई नुसत्या बघत राहिल्या तशा त्या आणखी करड्या आवाजात म्हणाल्या, “बघताय काय? लिहा!”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं.