सासूबाईंचं आसन

जंगल राखीव झालं, हे सुनेला कळलं ते मधाचा डबा घेऊन निघाली तेव्हा, फाटकावर. फाटक नवं, पाटी नवी, आणि मधाची झाडं तेवढी जुनी, पण ती पलीकडे राहिलेली. दावा करा म्हणाले, तिने केला. पंचवीस वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा आणा म्हणाले, तर तिने वनखात्याच्या साहेबांना झाडापाशीच नेलं. सासू सुनेच्या हाती झाड सोपवते तेव्हा खोडावर कोयत्याने खाच पाडते. साहेबांनी सुनेच्या वेळची खाच चाचपली.

"ही तर अलीकडची. जुन्या कुठेत?"

जुन्या खाचा सालीखाली बुजलेल्या. झाडानेच गिळल्या, आता दाखवायच्या काय?

सुनावणीच्या सकाळी सून कपाळाला हात लावून बसली.

"बसायला बरा वेळ मिळतो गं तुला!" म्हणत सासूबाई आपल्या आसनावरून उठल्या. आसन म्हणजे नऊ वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या मधाच्या झाडाची जाडजूड चकती. सुनेची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच खिळली. लाकडाच्या आत बुजलेल्या खाचांचे पाचरीसारखे काळे डाग होते. एक, दोन, तीन.

"आई, तुम्ही रोज पुराव्यावर बसताय!"

"मग मीही येणार. त्या लोकांचा काय भरवसा?"

ऑफिसात साहेब आधी हसले. मग पेनाच्या टोकाने सालीकडून आत वर्षाचं एकेक वर्तुळ मोजू लागले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चष्मा लावला. पहिल्या डागाला अठरा, दुसऱ्याला एक्केचाळीस, तिसऱ्याला त्रेसष्ट.

"वर नऊ, झाड पडल्यापासूनची," सून म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "लाकूड इथे जमा करावं लागेल. निकाल कळवू."

सासूबाईंनी चकती ओढली आणि टेबलासमोर तिच्यावर फतकल मारली.

"आजी, उठा. असं चालत नाही."

"उठते की. पण उठून जाऊ कुठे, तेवढं सांगा. आम्ही तेच विचारायला आलोय."

रांगेतला कुणीतरी खोकला. साहेबांनी सुनेकडे पाहिलं, तिने नजर हलवली नाही. शेवटी त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि पुराव्याच्या रकान्यात तिन्ही आकडे लिहिले, नऊ मिळवून. खाली लिहिलं, मान्य.

शिक्का उमटेपर्यंत सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.