सुभेदारांच्या जीपचा हूक

चांदसाहेबांना हल्ली सकाळी दुकानाचं शटर वर ढकलतानाच वाटायचं, हे परत खाली ओढावं आणि घरी जाऊन पडावं. पलूसमध्ये कुंडल रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. एके काळी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला दारात ओळीनं उभ्या असायच्या, हाताखाली माणसं राबायची. आता ट्रॉल्या तयार मिळतात. माणसं पांगली, मुलगा अश्फाक पुण्यात स्लायडिंग खिडक्यांच्या कामात गुंतला, आणि उरलं ते किरकोळ काम. कुणाचं गेट, कुणाची शिडी, कुणाच्या गोठ्याची जाळी. उजवा खांदा वर जात नव्हता. डोळ्यांत सदा वाळू गेल्यासारखं खुपायचं. बायको रहिमतबी म्हणायची, बंद करा. पण दुकान बंद करायचं तर त्यासाठीही उठून दहा जणांशी बोलावं लागणार, आणि तेवढाही हुरूप त्यांच्यात नव्हता.

अशात दिवाळी सरल्यावर एका सकाळी मानसिंग सुभेदार आपली जीप घेऊन आले. ही जीप त्यांनी फौजेतून परत आल्यावर लिलावात घेतलेली. पुढची काच बॉनेटवर आडवी पडणारी, वर ताडपत्रीचं टप, चालवताना अंगातली सगळी हाडं मोजून घ्यावीत अशी. तिच्या पत्र्याला इतकी ठिगळं चांदसाहेबांनीच जोडली होती की मूळची जीप किती आणि आपली किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मागं हूक बसवायचा हाय," सुभेदार म्हणाले. "पाण्याच्या टाकीची घरची ट्रॉली वढायचीय."

"कुठं नेताय टाकी?"

"अंकीकडं. माणात."

अंकिता सुभेदारांची धाकटी लेक. दुष्काळी माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं एका वाडीवर राहायची. नवरा जोतीराम वाशीच्या मार्केटात कामाला, सणाला तेवढा यायचा. घरची मेंढरं, शेरडं ती एकटी बघायची आणि त्यांच्यासाठी लांबच्या विहिरीवरून स्कूटीवर कॅन बांधून पाणी आणायची. सुभेदारांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात त्यांना कुणी काही कमी पडू देत नव्हतं, पण काही काम सांगतही नव्हतं.

"टाकी पोचवून माघारी येणार न्हवं?" चांदसाहेबांनी विचारलं.

"न्हाई. तिथंच ऱ्हाणार आता."

चांदसाहेब पोतं टाकून जीपखाली शिरले. सांगाड्याच्या मागच्या आडव्या लोखंडी चॅनेलला त्यांनी पेचकसाचं टोक लावलं, तर ते आरपार गेलं.

"हितं काय बी जोडून उपेग न्हाई सुभेदार. गंजून पापड झालाय. पुढं चांगल्या चासीपत्तोर जावं लागंल."

"मग जा की."

त्याच दिवशी दुपारी सुभेदारांचा मुलगा धैर्यशील दुकानात आला. शेतातला ऊस तोडणीला आला होता, तोडणीच्या टोळीच्या मागं धावून तो कातावलेला होता. स्टुलावर बसला, पाणी प्याला, मग म्हणाला, "चाचा, तेवढा हूक करू नका."

"का रं?"

"आण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं नीट दिसत न्हाई. मागच्या महिन्यात मोरीत चक्कर येऊन बसले. तिकडं माळावर कुठं पडले तर कोण उचलणार? मी सांगितलं तर भांडण हुतंय. तुमी नुसतं लांबवा. आज गॅस संपला, उद्या रॉड न्हाई. चार दिसांनी त्यांचंच मन फिरंल."

चांदसाहेबांना हे पटलं होतं असं नाही. पण पोराच्या तोंडावर शीण होता, आणि नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. शिवाय काम न करणं त्यांना त्या दिवसांत काम करण्यापेक्षा सोपं होतं. आणि पलूसमध्ये रोज दुकानात येऊन बसणारा एकच माणूस उरला होता, तो मानसिंग. हे त्यांनी धैर्यशीलला सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले.

मग रोजचं एकच सुरू झालं. सुभेदार सकाळी यायचे, बाकावर बसायचे. चांदसाहेब म्हणायचे, सिलिंडर यायचाय. म्हणायचे, जाड प्लेट सांगलीहून मागवलीय. म्हणायचे, खांदा लय दुखतोय, ते मात्र खरं होतं. सुभेदार मान हलवायचे, चहा सांगायचे. दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघत बसायचे. खोटं बोलून चांदसाहेब इतके दमायचे की संध्याकाळी घरी गेल्यावर चपला काढायचंही जिवावर यायचं.

"अजी, आज बी उसका काम नै करे क्या?" रहिमतबी विचारायची.

ते भिंतीकडं तोंड करून पडायचे.

एका शुक्रवारी ते नमाज पढून दुकानात परतले, तर आतून ग्राइंडरचा आवाज येत होता. सुभेदारांनी टप काढून जीप उलटी आत घेतली होती. कोपऱ्यातला अँगलचा तुकडा कापून तो त्यांनी मागच्या त्याच गंजक्या चॅनेलला लावला होता आणि काळी काच तोंडापुढं धरून वेल्डिंग करत होते. फौजेत ते गाड्यांच्याच दुरुस्तीला होते, हात अनोळखी नव्हता. पण आता डोळ्याला सांधा दिसत नव्हता. रॉड भलतीकडंच फिरत होती.

"काय चाललंय सुभेदार?"

सुभेदारांनी काच खाली केली. चेहरा घामानं निथळत होता. "झालं बघ. बसला हूक."

चांदसाहेबांनी हातोडी घेऊन वरची खपली उडवली. खाली नुसते गोळे साचले होते, आत काही मुरलं नव्हतं. त्यांनी हुकावर एक ठोका घातला. बद्द आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला अँगल सुटून फरशीवर पडला.

सुभेदारांनी तो तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"धैर्या आलता व्हय तुज्याकडं?" सुभेदारांनी विचारलं.

"आलता."

"मला कळलंय कवाच. दुकानामागं सिलिंडर भरलेला हुबा हाय, तेवढं दिसतंय मला."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"काय बोलायचं? तू बी दमलायस." सुभेदार बाकावर टेकले. "चांद, मी सकाळी उठतो. सूनबाई च्या देती, पेपर देती. दुपारी जेवाय देती. मी पेपर दोनदा वाचतो. पोरं चांगली हायत रं, त्यांची काय बी चूक न्हाई. पण त्या पोरीचं पाय पाण्यापायी सुजल्यात, आणि मी हितं पेपर वाचतोय."

चांदसाहेबांना वाटलं होतं, ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. हा माणूस असल्या हुकाला टाकी बांधून मायणीच्या उतारावरून जाणार, कारण त्याला जायचंच आहे. आपण काम लांबवून त्याला थांबवत नाही, नुसतं वाईट हुकावर पाठवतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"उठा," ते म्हणाले. "बॅटरीची वायर काढा. आन् ग्राइंडरला हात लावू नका."

ते काम त्यांनी रेटून केलं असं म्हणता येणार नाही. थोडं करायचे, मग पोत्यावर बसायचे. लाईट जायची तेव्हा बरंच वाटायचं. गंजका चॅनेल गॅसनं कापून टाकला, त्या जागी नवा घातला. चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांना आतून जाड पट्ट्या लावून त्या पुढं चांगल्या लोखंडापर्यंत नेल्या आणि बोल्टनं आवळल्या, म्हणजे ओढ एका जागी न येता सगळ्या चासीला लागेल. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या मापाची, जीपची मागची बाजू उंच. म्हणून हूक खाली उतरवावा लागला आणि तो मागंपुढं हलू नये म्हणून दोन्ही अंगांना तिकोनी तुकडे जोडावे लागले. खाली झोपून वर रॉड धरताना खांद्यातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. सुभेदार शेजारी उकिडवे बसून बोल्ट हातात द्यायचे.

शेवटचा बोल्ट आवळल्यावर त्यांनी धैर्यशीलला फोन लावला. "हूक केलाय मी. चांगला केलाय. मीबी जातोय त्यांच्यासंगं."

पलीकडं ऊसतोडीची गडबड ऐकू येत होती. "तुमाला मी काय सांगितलं हुतं चाचा," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

ट्रॉलीत रिकामी टाकी, मेंढरांना चारायला उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या आणि सुभेदारांची पत्र्याची ट्रंक अशी भर घेऊन ते निघाले. विट्यापर्यंत सरळ आले. मायणीच्या अलीकडं उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला. सुभेदारांना तो जरा उशिरा दिसला. "ब्रेक," चांदसाहेब म्हणाले, तोवर सुभेदारांचा पाय ब्रेकवर गेलाच होता. मागून ट्रॉलीनं जीपला ढकललं, लोखंड कण्हलं, जीप टेम्पोच्या मागं हातभर अंतरावर थांबली. चांदसाहेब उतरले, वाकून त्यांनी हुकाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. कुठं चीर नव्हती. ते परत येऊन बसले.

"म्हातारपणी गाडी चालवायची नसती," सुभेदार पुढं बघत म्हणाले. ते आपल्याला म्हणाले की स्वतःला, ते चांदसाहेबांनी विचारलं नाही.

वाडीवर पोचले तेव्हा अंकिता दुपारच्याला मेंढरं घेऊन नुकतीच परतली होती. तिनं बापाच्या पाया पडून ट्रंक उतरवली, चूल पेटवली. सुभेदार मेंढरांत जाऊन उभे राहिले. चहा देताना ती चांदसाहेबांपाशी हळूच म्हणाली, "चाचा, पाणी मिळंल, ते बरंच झालं. पण आण्णांचं पथ्यपाणी, औषधं, डोळ्यात थेंब घालायचं, ते बी आता मलाच की. दादा फोनवर बोलला ते काय खोटं न्हाई."

चांदसाहेबांनी कप खाली ठेवला. एवढा खटाटोप करून आपण हिच्या डोक्यावर आणखी एक ओझं आणून ठेवलं, असं त्यांना वाटलं. "मग माघारी न्यू का त्यास्नी?" त्यांनी विचारलं.

तिनं बापाकडं बघितलं. सुभेदार एका कोकराच्या खुरातला काटा काढायचा प्रयत्न करत होते, आणि तो त्यांना दिसत नव्हता.

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. पण गाडी मी चालवणार. त्यास्नी न्हाई चालवू द्यायची."

"येती तुला?"

"स्कूटी येती. ही बी यील."

मग त्या कलत्या दुपारी चांदसाहेबांनी तिला सगळं दाखवलं. दांडी हुकात कशी घालायची, पिन कशी उलटी अडकवायची, साखळी कशी ढिली ठेवायची. "टाकी एकतर भरून न्यायची, न्हाईतर रिकामी. अर्धी भरलीस तर पाणी हिंदकळतंय, आन् ट्रॉली जीपला ढकलती." तिनं दोनदा पिन काढून घातली. सुभेदारांना कळलं तेव्हा त्यांचं तोंड जरा उतरलं. तरी ते शेजारच्या सीटवर बसले आणि तिला क्लच सांगू लागले. जीप दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा गचका खात माळावरून विहिरीच्या वाटेला लागली, मागं टाकी खडखडत.

चांदसाहेब त्यांची वाट बघत थांबले नाहीत. दहिवडीपर्यंत एका दुधाच्या गाडीत बसून आले आणि विट्याची एसटी धरली. खिडकीला डोकं लावलं तेवढ्यात फोन वाजला. धैर्यशील होता.

"पोचले का आण्णा?"

"पोचले."

"वाटेत काय झालं न्हाई ना?"

चांदसाहेबांना टेम्पो आठवला. "अंकी चालवणार हाय आता," ते म्हणाले. "त्यांच्या डोळ्याचा थेंब घरीच राहिला असंल तर पाठवून दे."

"राहिलाय," धैर्यशील म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "रविवारी मीच घिऊन जातो. तुमी येताय का?"

"बघू," चांदसाहेब म्हणाले. खांदा ठणकत होता. फोन खिशात घालायच्या आत त्यांचा डोळा लागला, आणि विटा आलं तेव्हा कंडक्टरला त्यांना हलवून उठवावं लागलं.