आधी पायाला हात लावायचा

“पोटाला न्हवं, आधी पायाला हात लावून बघायचा,” निशा कुरणे म्हणाली आणि टॉवेल गुंडाळून केलेलं बाळ तिनं समोरच्या बाईच्या मांडीवर ठेवलं. “पाय गार आन् पोट गरम, म्हंजे पोराला थंडी वाजायल्या. पाय बी गार, पोट बी गार, तर मग वाट बघत बसायचं न्हाई. मला फोन करायचा.”

सकाळचे साडेसहा वाजले होते. गडमुडशिंगीच्या बाहेर, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात जतकडच्या तोडणीवाल्यांच्या चौदा कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या. धुक्यात फक्त त्यांचे निळे-काळे कागद दिसत होते. पुरुष बैल जुंपत होते. सहा बायका कोयते बाजूला ठेवून नर्सबाईंसमोर बसल्या होत्या. त्यांचं अर्धं लक्ष गाडीकडं होतं.

निशा दरवर्षी डिसेंबरात इथं येऊन हेच सांगायची. कोपीचं तोंड वाऱ्याच्या उलट्या अंगाला. खाली वीतभर सुकं पाचट, त्यावर कागद, मग वाकळ. दव पडून वाकळ ओली झाली की दिवसा उन्हात टाकायची, ओलीच घडी घालायची नाही. पोरांचा एक सुका कपडा पिशवीत वेगळा बांधून ठेवायचा. शेकोटी बाहेर; आत धग ठेवून झोपायचं नाही. धूर दिसत नाही म्हणून तो नसतो, असं नाही.

तिच्याबरोबर आलेली आशाताई, रूपाली, मागं उभी राहून तिच्याकडंच बघत होती. निशाच्या नवऱ्याला, अण्णासोंना जाऊन अकरा दिवस झाले होते. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि सोमवारी निशा उपकेंद्रावर हजर. डॉक्टर म्हणाले, महिनाभर रजा घ्या. ती म्हणाली, घरी बसून काय करू.

अण्णासो झोपेत गेले. निशा शेजारीच होती. सत्तावीस वर्षं नर्स, माणसाच्या श्वासात जरा फरक पडला तरी ओळखणारी. पहाटे उठली, अंगावरची वाकळ सरकली होती म्हणून ती त्यांच्या पायावर ओढायला गेली आणि हाताला पाय लागले. तेव्हापासून एक गोष्ट झाली होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. हाताला गार-गरम काही समजत नव्हतं. चहाचा कप, नळाचं पाणी, पेशंटचं कपाळ, सगळं एकसारखं लागायचं. आता प्रत्येकाला ती थर्मामीटर लावायची.

“आमच्या सुनंला आठ दिस झालं,” टॉवेलचं बाळ मांडीवर घेतलेली बयाबाई म्हणाली. “पोरगी झाल्या. लई शानी हाय. रडत न्हाय का काय न्हाय. कालपासनं गपगार पडल्या.”

निशा उठली. “कुठली कोपी?”

“ती काय, कडंची. अवो, झोपल्या ती.”

कोपीत वाकून शिरावं लागलं. वरच्या कागदाला आतून पाणी सुटून थेंब गळत होते. द्वारका, वीस-एकवीस वर्षांची पोरगी, भिजलेल्या वाकळेत कुडकुडत बसली होती. तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं बाळ. निशानं फडकं सोडलं, पायाला हात लावला, पोटाला लावला. तिला काहीच कळलं नाही. बाळाचे ओठ मात्र निळसर होते आणि छातीपाशी दिलं तरी तोंड हलत नव्हतं.

तिनं काखेत थर्मामीटर धरला. चौऱ्याण्णव.

“रूपाली, एकशे आठला फोन लाव.”

रूपालीनं फोन केला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या. गाडीला पाऊण तास तरी लागणार होता.

“पोरीला जाळाजवळ धरतो,” असं म्हणत बयाबाईनं हात पुढं केले.

“न्हाई. जाळाजवळ न्हाई. चोळायचं बी न्हाई.” निशानं द्वारकाच्या दंडाला थर्मामीटरचं टोक लावावं तसा उगीच हात लावला आणि काढून घेतला. “ही आपणच गारठल्या. हिच्या अंगाची ऊब हिलाच पुरंना. हिचा नवरा कुठाय?”

आकाराम बैलगाडीवर वाढं, उसाचे हिरवे शेंडे, चढवत होता. तासाभराच्या कामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. निशानं त्याला बोलावलं.

“शर्ट काढ. आंग पूस आन् हितं बस.”

“मी?” तो आईकडं बघायला लागला. बैलाचा कासरा धरलेला एक माणूस हसला.

“बाप्या माणसानं लेकरू उरावर घ्यायचं व्हय?” बयाबाई म्हणाली.

“मावशी, आत्ता हितं सगळ्यात गरम अंग ह्याचं हाय,” निशा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “बस, आकाराम.”

तो बसला. गाडीतल्या सुक्या पोत्यावर, कोपीबाहेर वाऱ्याच्या आड, कुडाला पाठ लावून. निशानं बाळाची ओली फडकी काढली, रूपालीच्या पिशवीतलं टोपडं घातलं आणि बाळ उघडंच त्याच्या छातीवर उभं ठेवलं, डोकं एका कुशीला, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून सुकी ओढणी गुंडाळून मागं गाठ मारली आणि त्यावर घोंगडं पांघरलं.

“नाक उघडं ऱ्हायलं पायजे. त्याच्यावर ध्यान ठेव. हलायचं न्हाई.”

रूपालीनं द्वारकाला सुकं लुगडं नेसवलं, चहा पाजला. निशानं तिच्या अंगावरचं थोडं दूध वाटीत काढून घेतलं आणि ती वाट बघत बसली. गाड्या निघून गेल्या. बयाबाई सोडून बाकीच्या बायकाही एकेक करून गेल्या; त्या दिवशीचा ऊस त्या दिवशीच भरायचा होता.

आकाराम श्वाससुद्धा जपून घेत होता.

“अक्का,” थोड्या वेळानं तो म्हणाला, “ही जगंल का?”

“माहीत न्हाई.”

त्यानं मान हलवली. जणू दुसरं कुठलं उत्तर दिलं असतं तर त्यानं ते खरं धरलं नसतं.

“लई गार लागाय लागलती. आता मला कायच कळंना. गार हाय का गरम.”

“अंगाला अंग लागून असलं की कळत न्हाई,” निशा म्हणाली. मग समोरच्या रानाकडं बघत, कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, “आमचं मालक गेलं. अकरा दिवस झालं. मी शेजारी झोपलो होतो. कवा गार पडलं, मला कळलं न्हाई.”

आकारामनं तिच्याकडं बघितलं. दोन्ही हात बाळावर असल्यामुळं त्याला काही करता येत नव्हतं.

“झोपेत कसं कळंल, अक्का,” तो म्हणाला.

निशाला रडू आलं नाही. तिनं घड्याळ बघितलं आणि घोंगड्याखाली हात घालून पुन्हा थर्मामीटर लावला. पंच्याण्णव आणि वर थोडं. पंधरा मिनिटांनी पंच्याण्णव पॉइंट आठ. बाळानं तोंड वाकडं केलं आणि एक बारीक, खरखरीत आवाज काढला.

“रडली,” द्वारका आतून म्हणाली.

निशानं चमच्यानं दुधाचे दोन थेंब ओठांवर सोडले. ते गिळायला बराच वेळ लागला, पण ती गिळली.

एकशे आठची गाडी आली तेव्हा ऊन पडलं होतं. आकाराम बाळ छातीवर बांधलेल्या अवस्थेतच, उघड्या अंगावर घोंगडं घेऊन आत चढला. द्वारका त्याच्या शेजारी बसली. बयाबाईनं गाडी रस्त्याला लागेपर्यंत बघितलं, मग कोयता उचलला आणि फडाच्या दिशेनं चालायला लागली. चार पावलं जाऊन ती थांबली, माघारी आली, भिजलेली वाकळ कोपीतून ओढून काढून उन्हात पसरली आणि पुन्हा गेली.

बाळ नऊ दिवस दवाखान्यात होतं. निशा तीनदा बघून आली. दहाव्या दिवशी ते कोपीवर परत आलं. आता कोपीचं तोंड दुसऱ्या अंगाला होतं. आकाराम दुपारच्या सुट्टीत शर्ट काढून पोरीला घेऊन बसतो, माणसं हसतात, पण तो बसतो, असं बयाबाईनं सांगितलं. शेजारच्या कोपीत आणखी दोघी पोटुशी होत्या. “तसलं टोपडं मिळंल का, बाई? दोन-तीन?” तिनं विचारलं.

“बघतो,” निशा म्हणाली.

पुढच्या रविवारी दुपारी निशाचा मुलगा संघर्ष जेवून बाहेर आला, तेव्हा ती पडवीत खुर्चीवर कात्री घेऊन बसली होती. मांडीवर अण्णासोंचा तपकिरी लोकरी स्वेटर होता. एक बाही खांद्यातून कापून झाली होती.

“आई, अण्णांचा हाय न्हवं त्यो?”

“व्हय.”

तो तिथंच उभा राहिला. तिनं बाही मधोमध कापली, एका तुकड्याचं वरचं तोंड दोऱ्यानं आवळलं, गाठ मारली आणि तुकडा मुठीवर चढवून बघितला. लहान डोक्याला बरोबर बसला असता.

“एका बाहीत दोन निघत्यात,” ती म्हणाली.

संघर्ष खाली बसला आणि दुसरी बाही त्यानं ताणून धरली. तिनं कापली. चार टोपडी झाली. ती तिनं कामाच्या पिशवीत घातली. मग उरलेला बिनबाह्यांचा स्वेटर झटकला, बटणं लावली, नीट घडी केली आणि आत नेऊन कपाटात अण्णासोंच्या कपड्यांवर ठेवला.