पाण्याशिवायची प्लेट

दादा चिडला की हाताला लागेल त्यानं हाणतो, हे आम्हा दोघा धाकट्या बहीणभावांना लहानपणापासून पाठ आहे. छापखान्यात हाताला नट आवळायचा लोखंडी पानाच लागतो.

धाकट्या भावानं हट्टानं नवं यंत्र आणलं होतं, पाण्याशिवाय छापणारं. आमच्या जुन्या ऑफसेटवर प्लेटचा कोरा भाग पाण्यानं ओला ठेवतात, म्हणजे तिथं शाई धरत नाही. नव्या प्लेटवर ते काम सिलिकॉनचा थर करतो. छपाई रेखीव येते, रंग खुलतात, कागद कमी वाया जातो. पण प्लेट महाग आणि भारी नाजूक, शिवाय रूळ चिलरनं सतत गार ठेवावे लागतात. ते तापले की शाई पातळ होऊन कोऱ्या जागी चढते. भावानं हे पुन्हा पुन्हा सांगितलं, दादानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. पहिलं काम बिघडलं तर तू छापखान्याबाहेर, एवढंच तो म्हणाला.

पहिलं काम चित्रांच्या पुस्तकाचं. भाऊ कागद आणायला गोदामात गेला आणि घरघरीनं डोकं उठलं म्हणून दादानं चिलर बंद केला. थोड्याच वेळात पांढरी पानं करडी यायला लागली. दादानं यंत्र थांबवलं आणि जन्माच्या सवयीनं ओला स्पंज घेऊन प्लेट घासायला घेतली.

भावानं धावत येऊन त्याचं मनगट धरलं.

"पाणी नको, दादा. चिलर कुणी बंद केला?"

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान्याचा पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता, भावानं उजवा हात आडवा घातला आणि हाड मोडल्याचा आवाज मला बांधणीच्या टेबलापाशी ऐकू आला. तिसरा घाव निसटून प्लेटवर गेला. मी कागदावरचं लोखंडी वजन उचललं आणि दादाच्या पाठीत घातलं. तो गुडघ्यांवर कोसळला. मला त्याची जराही कीव आली नाही.

भावाच्या हातातून रक्त प्लेटवर ठिबकत होतं. सिलिकॉनवर ते ठरेना, थेंब होऊन खाली ओघळत होतं. पान्याचा लांब ओरखडा मात्र स्पष्ट दिसत होता.

"हा आता प्रत्येक कागदावर उमटणार," भाऊ म्हणाला. "काम बिघडलं, दादा. ठरल्याप्रमाणे मी जातो."

 भावानं डाव्या हातानं एप्रनची गाठ सोडली. मी त्याला धरून दवाखान्यात न्यायला निघाले.

दारापर्यंत पोचलो तर मागे चिलरची घरघर सुरू झाली. दादानं तो लावला होता. त्यापुढचं त्याला काही येत नव्हतं.