मानकऱ्याच्या तोंडचं गाऱ्हाणं

तुळसा खालच्या कोर्टात हरली, तो दावा वाटेचा होता. पालीजवळच्या तिच्या काजूच्या बागेत जायची जुनी वाट चुलतदीर रावजीने दगडांचा गडगा घालून बंद केली, आणि निकालही त्याच्याच बाजूने लागला. वकीलबाई राजश्री म्हणाल्या, "जिल्हा न्यायालयात अपील करता येईल. मुदत तीस दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला जो वेळ जातो तो त्यातून वगळतात. पण त्यापुढे रेंगाळू नका."

तुळसा रेंगाळलीच. एकदा हरलेल्या बाईने पुन्हा कोर्टाची पायरी चढायची, तर ग्रामदेवीला विचारायला नको? गुरवाने देवीच्या अंगाला दोन्हीकडे ओल्या कळ्या लावायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार. काम एवढंसंच. पण गावाची रीत अशी, की कौल मागताना गाऱ्हाणं मानकऱ्यानेच घालायचं, आणि मानकरी कोण, तर रावजी. ज्याच्याशी भांडण, त्यानेच तिच्या वतीने देवीपुढे बोलायचं. तुळसाला यात काही वावगं दिसलं नाही. भोळेपणाची हद्द म्हणायची, दुसरं काय.

आज पाहुणे, उद्या कंबरदुखी, परवा रत्नागिरीत काम, असे रावजीचे वायदे चालले. शेवटी एकदाचं त्याने पुटपुटत गाऱ्हाणं घातलं. कौल उजवा झाला. तुळसा आनंदाने रत्नागिरीला गेली, तर मुदत टळून गेलेली.

"विलंब माफीचा अर्ज करू," राजश्री म्हणाल्या. "पण उशिराचं कारण कोर्टाला पटलं पाहिजे."

मुंबईहून मुलगा संदेश फोनवर म्हणाला, "आये, आजारी होतीस म्हणून सांग. डॉक्टरचा दाखला मी बघतो."

"देवीच्या दारात हुभी होते, नि शपथेवर अंथरुणात होते म्हणून सांगू?" तिने फोन ठेवला.

प्रतिज्ञापत्रात तिने घडलं तेच लिहवून घेतलं. धास्ती मात्र सुटेना. अर्ज फेटाळला तर वाट जाणारच, पण आपलं म्हणणं पुन्हा कुणी ऐकणारही नाही, हे तिला जास्त लागत होतं.

सुनावणीला रावजीचे वकील म्हणाले, "कौल हे काही कायद्यातलं कारण नव्हे. आणि माझ्या अशिलाने टाळाटाळ केली, हे तर धादांत खोटं."

वकिलांनी बाही ओढली तरी रावजी उभा राहिला. "खोटं नाय, सायेब. मीच टाळलं. वैनीची वाट अडवली, असं देवीपुढं माझ्याच तोंडानं बोलायचं होतं. जीभ रेटत नव्हती."

न्यायाधीशांनी उशीर माफ करून अपील दाखल करून घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात तुळसाने त्याला गाठलं. "भावजी, मग गडगा काढा की आता."

"गडगा नाय काढणार, वैनी. जागा माझी हाय, अपिलातपण तेच सांगणार. इतकी वर्सं तुमी भांडत होतात, पण तुमचं म्हणणं पुरतं आयकलं ते त्या दिवशी देवीपुढं, माझ्याच तोंडून. आता सायबानंपण आयकू दे."

तुळसाला त्याचा संताप आला, आणि बरंही वाटलं. तिने पदराने डोळे टिपले आणि पुढची तारीख विचारायला ती वकीलबाईंकडे वळली.