अस्वलाची शिंक

"बाई, हे अस्वल नाहीये. ही कोंबडी आहे," पहिल्या रांगेतली एक पोर म्हणाली.

आक्छीबाईंचं वाक्य तोंडातल्या तोंडातच राहिलं. पुस्तक नेहमीसारखं खांद्याशी धरलेलं, चित्रं पोरांकडे केलेली, आणि गोष्ट ऐन रंगात: अस्वलाला शिंक येतेय आणि सगळं जंगल त्याचं नाक दाबायला धावतंय.

"कोंबडी?"

"हो. सायकलवर बसलीये!"

चटईवर एकच खसखस पिकली. पोरांना हसवणं हे बाईंचं कामच. पण आज पोरं बाईंच्या आधीच हसली.

वाचनालयाच्या बालविभागात त्या मदतनीस होत्या. पुस्तकं लावायची, धूळ झटकायची, आणि शनिवारी सकाळी लहानग्यांना गमतीची चित्रपुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची. अस्वलाची शिंक त्या अशी काही काढत, की पोरांनी त्यांचं नाव आक्छीबाई करून टाकलं होतं. खरं म्हणजे बाई स्वतः फारशा हसऱ्या नव्हत्या. आठवडाभर मरगळल्यासारख्या वावरायच्या. तो एक तास मात्र त्यांच्यात कुठून बळ यायचं कोण जाणे.

वाचताना पान पोरांकडे करायचं, म्हणजे आपल्याला ते दिसत नाही. त्यामुळे सगळी पुस्तकं बाईंना तोंडपाठ. पालकांना याचं मोठं कौतुक. पण अलीकडे तो कौतुकाचा विषय उरला नव्हता, बाईंची गरज झाला होता. त्यांची नजर मधोमध गेली होती. समोर बघावं तर नेमकं समोरचंच पुसलेलं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे फक्त नवऱ्याला माहीत. "मला फिरायचंच आहे," म्हणत तो त्यांना रोज वाचनालयाच्या दारापर्यंत सोडायचा.

पुस्तकं त्या हातानं ओळखत. अस्वलाच्या पुस्तकाचा कोपरा पोरांनी चावून चावून मऊ केलेला, कोंबडीच्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटपट्टीचे थर. पण नव्या ग्रंथपाल मॅडमना फाटकी पुस्तकं बघवेनात. त्यांनी ती सगळी बाइंडरकडे पाठवली, आणि ती परत आली ती एकसारख्या कडक पुठ्ठ्यांत, कडा छाटून, कोरी करकरीत. मॅडमनी केलं मायेनंच, पण ते बाईंच्या मुळावर आलं.

"अगं, अस्वलच आहे ते!" बाई सावरल्या. "कोणी ओळखून नाक दाबू नये म्हणून कोंबडीचं सोंग घेतलंय त्यानं. सांगा बघू, आता कुठे निघालंय?"

"पुलावर!"

"टोपलीत अंडी आहेत!"

"अरे देवा, आणि वर शिंक आली तर?"

पोरांनी चित्रं सांगायची, बाईंनी त्यात अस्वल घुसवायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून दिलेल्या शिंकेनं छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

पोरं पांगल्यावर दारातून मॅडम आल्या.

"बाई, कमाल केलीत! सुचतं कसं हो तुम्हाला? पुढच्या शनिवारी असंच करा. मी पालकांनाही बोलावते."

नुसतं हो म्हणायचं होतं. आणखी काही महिने सहज निभावले असते. पण बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांना जाणवलं, आपण फार दमलोय. अंदाजानं पाय टाकून दमलोय, चष्मा विसरल्याची नाटकं करून दमलोय.

"सुचलं नाही हो मॅडम. मला पुस्तकच दिसलं नाही."

"म्हणजे? नंबर वाढलाय का?"

"नंबराच्या पलीकडे गेलंय ते."

मॅडम स्टुलाजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही हा तास माझ्याकडे ठेवला असतात?"

"आताही ठेवते. बिनपुस्तकाच्या गोष्टी सांगा."

बाईंनी मान हलवली. "पोरं चित्रांसाठी येतात. कोपऱ्यात काय आहे म्हणून विचारलं तर मी काय सांगू? आज वेळ मारून नेली. दर शनिवारी त्यांना फसवणं मला नाही जमायचं. तुम्हीच वाचा."

पुढच्या शनिवारी बाईंनी पोरांना सरळ सांगून टाकलं, "मला आता चित्रं दिसत नाहीत. आजपासून मॅडम वाचतील." आणि त्या मागे जाऊन पोरांमध्येच चटईवर बसल्या.

मॅडम मान वाकडी करकरून वाचत होत्या, अडखळत होत्या, एखादी ओळ गाळत होत्या. बाईंचे ओठ हलू लागले, ते त्यांनी घट्ट मिटून घेतले. शिंक आली. मॅडमची शिंक अगदीच नाजूक, मांजरीच्या पिल्लानं दिल्यासारखी.

पोरं तरीही हसली. पोट धरधरून, एकमेकांवर लोळून, दर वेळी हसायची तशीच हसली. काहीतरी कमी पडेल असं बाईंना मनातून वाटलं होतं. काही म्हणता काही कमी पडलं नाही. बाईंच्या जिवाला ते फार लागलं.

तेवढ्यात शेजारची एक चिमुरडी सरकत सरकत त्यांना येऊन चिकटली आणि कानाशी तोंड नेऊन कुजबुजली, "बाई, आता ना, अस्वल झाडाला लटकलंय. आणि त्याचा एक बूट खाली पडलाय."

तो बूट बाईंना ठाऊक होता. त्याचा रंग, त्याची सुटलेली नाडी, आत शिरून बसलेला बेडूकसुद्धा. त्यांनी मान खाली झुकवली, कान तिच्याजवळ नेला.

"मग?" त्या म्हणाल्या.